वरची कारवी, खालची कारवी

दार उघडायला बाईंना बराच वेळ लागला. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग पावलं, मग काहीतरी धातूचं खाली पडलं. मी कराडच्या त्या गल्लीत, कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, डोक्यावर मार्चचं ऊन घेऊन उभी होते. हातात कापडी पिशवी होती. पिशवीत बियांच्या दोन डब्या आणि मोठे करून आणलेले काही फोटो.

"कोण आहे?"

"मी. प्रमिला थोरवे."

मला वाटलं, परत जा म्हणतील. साताऱ्याहून निघताना तेच वाटत होतं, आणि एसटीत बसल्यावरही.

"लेख लिहिणारी प्रमिला?" बाईंनी आतूनच विचारलं.

"हो, बाई."

दार उघडलं. बाई खूप बारीक झाल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, पण अंबाडा तसाच घट्ट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं, पण नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे गेली होती.

"ये. उंबऱ्याशी वाटी पडलीय, पाय जपून टाक."

मी वाटी उचलली आणि आत गेले.

डॉ. कमलिनी आठल्ये या माझ्या गुरू. त्यांच्याच हाताखाली मी पीएच.डी. केली होती. आम्हा दोघींना जोडणारी गोष्ट एकच होती, कारवी. सह्याद्रीच्या उतारांवर दाट रान करून वाढणारं हे झुडूप सात वर्षं नुसतं पानांवर असतं, मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळं रान एकदम फुलतं, बी धरतं आणि मरतं. त्यामुळे कारवीवर काम करणारी माणसं काळ वेगळ्या मापाने मोजतात. आम्ही बहरांत मोजायचो. अमकं झालं ते पहिल्या बहरात, तमकं दुसऱ्या.

पहिल्या बहरात मी बाईंची विद्यार्थिनी होते. पाटणच्या वरच्या अंगाला मोरणखिंड म्हणून एक आडवाटेचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याजवळ बाईंना एक कारवी सापडली. ती नेहमीच्यापेक्षा बुटकी, फुलं फिकट, कळ्यांवर चिकट लव. डोंगराच्या पायथ्याला होती ती नेहमीची. आम्ही एकीला 'खालची' आणि दुसरीला 'वरची' म्हणायला लागलो. बाईंनी वरची ही वेगळी जात आहे असं ठरवून तिला नाव दिलं, शास्त्रीय नियतकालिकात तिचं वर्णन छापलं. कुणा माणसाचं नाव त्यांनी दिलं नाही. डोंगराचं दिलं. माणसांची नावं झाडांना देणं त्यांना आवडत नसे.

दुसऱ्या बहरापर्यंत मी साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागले होते. मी दोन्हींचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कारवीच्या भाईबंदांत परागकण फार बोलका असतो. झुडपं एकसारखी दिसली तरी पराग वेगळे निघतात, आणि तिथे जातीची ओळख पटते. इथे ते वेगळे निघाले नाहीत. दुसरा पुरावा बियांचा असतो, पण बहरानंतरच्या फेब्रुवारीत, बोंडं पिकण्याआधीच, डोंगराला वणवा लागला आणि वरच्या उतारावर पिकलेलं एकही बोंड हाती आलं नाही. जे हाती होतं त्यावर मी लेख लिहिला. वरची ही खालचीच आहे, फक्त पातळ मातीवर वाढल्यामुळे खुजी राहिलेली. उंचीबरोबर बदल हळूहळू होत जातो, मधे कुठे रेघ मारणार, असं मी त्यात विचारलं होतं.

बाईंनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. मी त्याला उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा एक टिपण लिहिलं. हे चार-पाच वर्षं चाललं, मग माझ्या एका लेखाला उत्तर आलंच नाही. आमचं बोलणं मात्र पहिल्या लेखापासूनच बंद होतं. कुणी कुणाला काही तोडून बोललं नव्हतं, पण एका परिसंवादात चहाच्या वेळी त्या माझ्यासमोरून कप घेऊन निघून गेल्या, आणि नंतर फोन करायला मलाही धीर झाला नाही. तिसरा बहर आला तेव्हा त्या निवृत्त होऊन कराडला आल्याचं ऐकून होते. एवढंच.

आत खोलीत डांबरगोळ्यांचा वास होता. भिंतीला लागून वाळवलेल्या नमुन्यांचे गठ्ठे, जुन्या साड्यांच्या कापडात बांधलेले. टेबलावर रेडिओ. बाकी खोलीत एका माणसाचं सामान होतं. एक खुर्ची, एक पलंग, दोरीवर एक टॉवेल. बाईंनी खुर्ची मला दिली आणि स्वतः पलंगावर बसल्या.

"चहा घेशील?"

"नको, बाई. मी एक दाखवायला आले होते."

मी पिशवीतून फोटो काढले आणि त्यांच्या हातात दिले. पुण्याच्या एका संस्थेतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, चार महिने वाट पाहून मिळालेल्या एका दुपारी ते काढले होते. बाईंनी ते मांडीवर घेतले, वरच्या फोटोवरून हात फिरवला, कडा नीट जुळवल्या.

"कागद चांगला आहे," त्या म्हणाल्या.

मी वरच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मला दिसत नाही, प्रमिला. तुला कुणी सांगितलं नाही का?"

"नाही."

"दोन वर्षं झाली. कडेकडेचं थोडं दिसतं, मधलं गेलं. खिडकी कळते. तू उभी आहेस का बसलीस ते कळतं. फोटो नाही." त्यांनी फोटो माझ्याकडे परत केले. "म्हणून म्हणते चहा घे. तेवढा मला करता येतो."

त्या उठून आत गेल्या. मी मागोमाग जावं की नाही ते मला कळेना. मी जागची हलले नाही. भांड्यांचे आवाज येत राहिले. त्या कपाच्या आत कडेला बोट धरून चहा ओततात, बोटाला चटका बसला की थांबतात, हे मी दारातून पाहिलं. माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तेव्हापासून माझ्या घरातही एकाच कपाचा चहा होत असे. पण निदान मला तो दिसत तरी होता.

चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, "कशाचे फोटो आहेत?"

"वरचीचे आणि खालचीचे पराग. आणि बिया. तिसऱ्या बहराचे."

"बी मिळालं तुला?"

"हो. गेल्या पंधरवड्यात वर जाऊन आणलं."

त्यांनी रिकामा कप चाचपून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कोण होतं बरोबर?"

"कुणी नाही. एकटीच गेले होते."

"त्या रानात गवे असतात."

"दिसले नाहीत."

खरं म्हणजे मी त्या दिवशी गव्यांनाच घाबरून होते. वाळलेल्या कारवीच्या रानात शिरलं की चार हातांपलीकडचं दिसत नाही. बहर होऊन गेलेली झुडपं उभ्या उभ्या मेलेली असतात, काड्या करकरतात, आणि उन्हं तापली की बोंडं फुटायला लागतात. तडतड आवाज होतो, आधी एकीकडे, मग सगळीकडे, आणि बिया पानांवर आणि आपल्या तोंडावर येऊन आपटतात. दुपारभर मी त्या आवाजात उभी होते. फुटण्याच्या बेतात आलेली बोंडं कागदी पाकिटात धरायची आणि चिमटायची. डोंगरावर दुसरं माणूस नव्हतं. मधेच मला वाटलं, हे जे मी करतेय ते का करतेय हे समजेल असं माणूस दुसरं एकच आहे, आणि ते माझ्याशी बोलत नाही. पण हे मी बाईंना सांगितलं नाही.

"बोल," बाई म्हणाल्या.

"काय?"

"फोटोत जे आहे ते बोल. परागापासून सुरू कर. मला दिसत नाही, ऐकू येतं."

मी पहिला फोटो उचलला. तोंडी परीक्षेला बसल्यासारखी माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"वरचीचा पराग लांबट आहे. जवाच्या दाण्यासारखा."

"जव दोन्हीकडे निमुळता असतो. हा तसा आहे?"

मी पाहिलं. "नाही. दोन्ही टोकं बोथट आहेत."

"मग जव कशाला म्हणालीस. पुढे."

"अंगावर उभ्या पट्ट्या आहेत. टोकापासून टोकापर्यंत. बारा. काहींवर तेरा."

"खालचीच्या?"

"तेवढ्याच."

"म्हणजे तुझ्या लेखात होतं तेच."

"हो. पण बाई, साध्या सूक्ष्मदर्शकात पट्ट्यांच्या मधलं दिसत नव्हतं. आता दिसतंय. खालचीत दोन पट्ट्यांच्या मधे आडवे दुवे आहेत, शिडीच्या पायऱ्यांसारखे. एकसलग. वरचीत त्या पायऱ्या मधेच तुटलेल्या आहेत. प्रत्येक पट्टीच्या कडेने नुसते दाते राहिलेत."

"सगळ्या कणांवर तुटलेल्या?"

"मी पाहिले त्या सगळ्यांवर."

"पराग वाळताना चुरमडतो. तुटल्यासारखं दिसतं. तू ते कसं धुतलंस?"

मी सांगितलं. कुठलं आम्ल, किती वेळ, किती वेळा पाणी बदललं. त्यांनी दोन ठिकाणी थांबवून पुन्हा विचारलं. एका ठिकाणी माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. बोलताना त्यांचं तोंड खिडकीकडे होतं आणि कपाळाला आठी होती. प्रयोगशाळेत कुणाच्या पाठीशी उभं राहून त्या सूक्ष्मदर्शकात पाहायच्या तेव्हा असायची तशी.

"परागाचं मी अर्धवट मानते," त्या म्हणाल्या. "बी?"

"बियांचे फोटो नाही सांगत, बाई. दोन बशा द्या."

"कशाला?"

"आणि थोडं पाणी."

बशा स्वयंपाकघरात खालच्या फळीवर होत्या. मी दोन्हींत पाणी घेतलं आणि डब्या उघडल्या.

"थांब," बाई म्हणाल्या. "कुठलं कशात टाकतेस ते मला सांगू नकोस."

मी एका बशीत खालचीच्या चिमूटभर बिया टाकल्या, दुसरीत वरचीच्या. त्या चपट्या, तपकिरी, मसुरीपेक्षा लहान असतात. दोन्हींच्या अंगावर बारीक दाबलेले केस असतात आणि कोरड्या असताना त्या सारख्याच दिसतात. बशा मी पलंगावर त्यांच्यासमोर ठेवल्या, जागा बदलून. त्यांचा हात धरून आधी एकीच्या कडेला लावला, मग दुसरीच्या. किती वर्षांनी त्यांच्या हाताला हात लागत होता. बोटं गार होती.

त्यांनी डावीकडच्या बशीत तर्जनी आणि अंगठा घातला, एक बी उचललं, चोळलं. ठेवलं. दुसरं उचललं. मग उजवीकडच्या बशीत. तिथे त्यांचा हात थांबला.

सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती जसा बुळबुळीत वेढा तयार होतो, तसं वरचीच्या बियांचं झालं होतं. पाणी लागताच अंगालगतचे केस ताठ उभे राहिले होते. खालचीचे भिजूनही अंगाला चिकटूनच होते.

बाईंनी तीन-चार बिया एकेक करून बोटांत फिरवल्या. त्या निसटत होत्या. एक पलंगावर पडली, ती त्यांनी चाचपून शोधली आणि पुन्हा पाण्यात टाकली.

"ही वरची," त्या म्हणाल्या.

"हो."

"सगळं बी असंच?"

"सगळं."

त्या तशाच बसून राहिल्या, ओली बोटं पदराला न पुसता. मी जे म्हणायला आले होते ते एसटीत पाठ केलेलं होतं.

"बाई, तुमचं बरोबर होतं. ती वेगळी जात आहे. तुम्ही दिलेलं नाव राहायला हवं. मी तसा लेख लिहिते, आधीचा चुकला म्हणून. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. आयुष्यभर एवढी एकच जात त्यांनी जगापुढे ठेवली होती आणि मी ती पुसायला निघाले होते. पण त्यांचा चेहरा उजळला नाही. उलट तो पडल्यासारखा झाला. त्यांनी बशी हाताने बाजूला सारली.

"झालं का मग?" त्या म्हणाल्या. "संपलं?"

"म्हणजे?"

"किती झुडपांचं बी आणलंस?"

"वरच्या नऊ, खालच्या अकरा."

"आणि मधल्या सोंडेवरचं?"

मोरणखिंडीचा माथा आणि पायथा यांच्यामधे एक सोंड उतरते. तिथलं रान बहरात दोन वर्षं मागे आहे. ते फुललं नव्हतं.

"मधली सोंड फुलायची आहे, बाई."

"म्हणजे मधे काय आहे ते तुला ठाऊक नाही. माथ्यावरच्या बियांचे केस उभे राहतात, पायथ्याच्या बियांचे नाही राहत. ठीक. मधल्यांचे अर्धवट उभे राहिले तर? वर पूर्ण, मधे अर्धे, खाली नाहीत. मग रेघ कुठे मारशील?"

"हे माझं वाक्य आहे, बाई."

"आहेच. चांगलं वाक्य होतं. मी त्याला उत्तर दिलं ते तेवढं चांगलं नव्हतं."

मी म्हणाले, बियांचे केस मातीवर ठरत नाहीत. त्या म्हणाल्या, कशावरून, तू कुंडीत लावून पाहिलंस? मी म्हणाले, परागाचं काय, तुटलेल्या पायऱ्यांचं? त्या म्हणाल्या, परागाचं मी अर्धवट मानलं आहे, पूर्ण नाही. मी म्हणाले, एकाच झुडपाचे पराग आणि बी दोन्ही खालचीहून वेगळे निघतात तेव्हा आणखी काय पुरावा हवा. त्या म्हणाल्या, मधला. मधला पुरावा हवा. मी त्यांच्या जातीच्या बाजूने भांडत होते आणि त्या माझ्या जुन्या लेखाच्या. माझा आवाज चढला होता. त्यांचाही. शेजारच्या बाई दारातून डोकावल्या आणि विचारलं, सगळं ठीक आहे ना. आठल्येबाई म्हणाल्या, "ठीक आहे हो, आमचं चाललंय." शेजारच्या गेल्या.

उन्हं कलली तेव्हा आम्ही दमलो. मी दिवा लावला, मग वाटलं कशाला लावला. बाई म्हणाल्या, "लाव, तुला लागेल."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "हल्ली मला लोक एकच गोष्ट विचारतात. बोटं किती दिसतायत. डॉक्टर विचारतात, भाची फोनवर विचारते, डॉक्टर काय म्हणाले. दुसरं कुणी काही विचारत नाही." त्यांनी पाय पलंगावर घेतले. "तुझे लेख यायचे तेव्हा मी आठ-आठ दिवस त्यात असायची. राग यायचा. पण दिवस जायचा."

"मग उत्तर का बंद केलंत?"

"वाचता येईना म्हणून."

मी तोवर समजत होते की त्यांनी मला उत्तरालाही लायक मानलं नाही.

"लेख लिहू नकोस इतक्यात," त्या म्हणाल्या. "मधली सोंड फुलू दे. तिचं बी आण. मग बघू कुणाचं बरोबर ते."

शेवटची एसटी चुकू नये म्हणून मी उठले. दारापर्यंत त्या आल्या. मी म्हणाले, पुन्हा येईन. त्या म्हणाल्या, "येताना एखादी नवी शंका घेऊन ये. नुसती भेटायला येऊ नकोस, मला तसं कुणी आलं की काय बोलावं ते कळत नाही."

मी जात राहिले. कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. मी त्यांना लेख वाचून दाखवायचे, परदेशातले, इतर कुळांवरचे. त्या मधेच थांबवून म्हणायच्या, परत वाच, या माणसाने काहीतरी गाळलंय. बहुतेक वेळा खरंच गाळलेलं असे. आम्ही एकमेकींच्या घरचं फारसं काही विचारलं नाही. आईचं मी एकदा सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग पुढच्या खेपेला माझ्यासाठी दुसरी खुर्ची आणून ठेवलेली होती. मी खालचीचं आणि वरचीचं बी एकाच मातीत, माझ्या गच्चीवर लावलं. रोपं आली ती पहिल्या पावसाळ्यात दोन्ही सारखीच दिसत होती. बाईंना ते ऐकून फार समाधान झालं. "बघ," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, रोपांवरून काही ठरत नाही, बी धरायला सात वर्षं आहेत. त्या म्हणाल्या, "सात वर्षं तू भांड. मला तेवढी सवड नाही."

मधली सोंड ठरल्या वर्षी सप्टेंबरात फुलली. मी फुलांच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून कराडला नेल्या. बाईंनी एकेक फांदी नाकाशी धरली, कळ्यांवरून बोट फिरवलं. काही फांद्या त्यांनी उजवीकडे ठेवल्या, काही डावीकडे.

"या चिकट आहेत, या नाहीत," त्या म्हणाल्या. "एकाच जागेवरच्या आहेत?"

"शेजारशेजारच्या झुडपांच्या. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या."

"अर्ध्या चिकट अशी एकही नाही यात."

"मग?"

"मग काही नाही. बी येऊ दे," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या माझ्याशी वाद घालायचं विसरल्या. चहा गार होईपर्यंत फांद्या हातात घेऊन बसल्या होत्या.

बाई जानेवारीत गेल्या. झोपेत गेल्या असं शेजारच्या बाईंनी फोनवर सांगितलं. मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मार्चमध्ये मी मधल्या सोंडेवर गेले. तीच तडतड, आणि वाळक्या डिंकाचा वास. शेजारशेजारच्या झुडपांची बोंडं वेगवेगळ्या पाकिटांत घेतली. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर बशा मांडल्या, जेवढ्या घरात होत्या तेवढ्या, कमी पडल्या तेव्हा वाट्या, झाकण्या. पाणी घातलं. काही बशांत केस उभे राहिले, सब्जासारखे. काहींत राहिले नाहीत. अर्धवट उभं राहिलेलं एकही बी नव्हतं. एकाच मातीत, एकाच वर्षी फुलून, त्याच मधमाश्यांनी पराग इकडचे तिकडे नेऊनही दोघी एकमेकींत मिसळल्या नव्हत्या. दोन जाती होत्या. बाईंचंच बरोबर होतं, आणि आता त्याच्याविरुद्ध काही म्हणण्यासारखं उरलं नव्हतं.

मी बशांसमोर उभी राहिले. कुणाला सांगावं याचा विचार केला. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी त्या वर्षी मोजकेच होते आणि त्यांना परीक्षेसाठी सुट्टी लागली होती. मी पाणी ओतून दिलं, बिया वाळत घातल्या.

लेख पुढच्या वर्षी छापून आला. वरचीला बाईंनी दिलेलं नाव परत मिळालं. लेखाला कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि उत्तर देणारंही कुणी नव्हतं.

त्याच वर्षी बाईंची भाची मुक्ता बंगळूरहून आली. घर विकायचं होतं. नमुन्यांचे गठ्ठे तुम्ही घेऊन जाता का, नाहीतर रद्दीत जातील, असा तिचा फोन आला. मी टेम्पो करून गेले. मुक्ता चाळिशीची, सरळ, दमलेली बाई होती. तिने गठ्ठे उचलायला मला हातभार लावला, फडक्यांवरची धूळ स्वतः झटकली. रेडिओ शेजारच्यांना देऊन टाकला होता. दोन्ही खुर्च्या रिकाम्या खोलीच्या मधोमध एकीवर एक ठेवलेल्या होत्या.

सगळं चढवून झाल्यावर ती दाराशी उभी राहून म्हणाली, "शेजारच्या काकू म्हणाल्या, तुम्ही नेहमी यायचात. मावशी कधी काही बोलली नाही हो. तुम्ही तिच्या कोण? विद्यार्थिनी?"

"होते. आधी," मी म्हणाले. "नंतर आमचा एक वाद चालू होता."

"वाद? कशावरून?"

"एका झुडपावरून. ते एक आहे की दोन, यावरून."

ती हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. म्हणाली, "मग मिटला का तो?"

"हो," मी म्हणाले. "मिटला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिने दाराला कुलूप लावलं.